कानाच्या वरची मुंगी

३ मार्च

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते आधी टेबलावर आपटलं असशील. आपट. सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितेय म्हणजे माझा राग गेला असं समजू नकोस. राग जागच्या जागी आहे. पण मला एका गोष्टीची बढाई मारायची आहे आणि इथल्या सगळ्यांपुढे ती मारून झाली. आता नवा माणूस हवा.

तर तुझी ताई संशोधनात गेली आहे. हसून झालं की पुढे वाच.

मागच्या महिन्यात एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं, मी कात्र्या पुसत बसले होते. एक तरुण बाई आत आली. तिच्या केसांची टोकं इतकी फाटलेली होती की मी न विचारताच खुर्ची झटकली. ती म्हणाली, "केस कापायला नाही आले. मी इस्पितळात त्वचेची डॉक्टर आहे. तुमच्याशी कामाचं बोलायचंय."

मी म्हटलं, "बोलू की. पण खुर्चीत बसून बोला, माझे हात रिकामे राहत नाहीत."

मग मी टोकं कापत होते आणि ती आरशातून माझ्याशी बोलत होती. म्हणाली, कॅन्सर त्वचेलाही होतो, आणि डोक्याच्या त्वचेला झाला तर फार उशिरा कळतो. माणूस आपले हातपाय बघतो, पाठ घरच्यांना दाखवतो. केसांखालचं डोकं कोण बघतं?

"मी बघते," मी म्हटलं.

"म्हणूनच तर आले," ती म्हणाली.

तिला बघायचं आहे की केस कापणाऱ्यांना नीट शिकवलं तर असे डाग लवकर सापडतात का. शहरातल्या आम्हा सगळ्यांना तिनं इस्पितळात बोलावलं. पडद्यावर फोटो दाखवले. डागाची कड वेडीवाकडी आहे का, एकाच डागात दोन-तीन रंग आहेत का, वाढतोय का, लागलं नसताना रक्त येतं का, हे बघायचं. आपण निदान करायचं नाही, "दाखवून घ्या" एवढंच म्हणायचं आणि गिऱ्हाइकाला घाबरवायचं नाही. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि प्रश्नही विचारले. बाबा असते तर त्यांनी आख्ख्या बाजारात सांगितलं असतं.

एकच गोष्ट नाकाला झोंबली. आमचे दोन गट केले. एका गटाला उजेडाचं भिंग दिलं, दुसऱ्याला नुसते डोळे. मी बिनभिंगाच्या गटात. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, एवढी वर्षं या धंद्यात घातली आणि भिंग त्या कालच्या पोराला? त्या म्हणाल्या, चिठ्ठ्या टाकल्या होत्या, तुमची तशी निघाली. मी दुसऱ्या दिवशी बाजारातून स्वतःचं भिंग आणलं तर त्यांनी ते काढून घेतलं. म्हणाल्या, "तुम्ही भिंग वापरलंत तर माझं सगळं संशोधन बिघडेल." माझ्या एकटीमुळे अख्खं संशोधन बिघडू शकतं हे ऐकून मला बरंच वाटलं.

एवढंच सांगायचं होतं.

जाता जाता एक. मावशी तुझ्याकडे राहून आली. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला माहीत आहे. ती म्हणाली, केस विंचरताना तुझ्या कानाच्या वर रक्त येतं आणि तू म्हणतेस कंगव्याचा दात लागला. तिथे मुंगी आहे ना? मी तुझे केस कापताना तू वळवळायचीस तेव्हा मी म्हणायची, हलू नकोस, मुंगी चावेल. तो तपकिरी तीळ. तो सपाट होता, धाकटे. त्या डोक्यावर मी कंगवा धरायला शिकले, कंगवा तिथे कधी अडकला नाही. सपाट जागेवर कंगवा अडकत नाही.

दाखवून घे. मी घाबरवत नाहीये.

ताई


१९ मार्च

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. "मुंगी मजेत आहे. माझे केस कापणारी बाई सगळं बघते, तू काळजी करू नकोस."

ती बाई. म्हणजे तीच ना? मग आता काढतेच विषय. ज्या डोक्यावर माझा हात बसला ते डोकं तू लग्नाच्या दिवशी एका परक्या बाईच्या हवाली केलंस आणि मला पाहुण्यांत पहिल्या रांगेत खुर्ची दिलीस. मी माझी पेटी घेऊन आले होते, गं. कात्र्यांना धार लावून आणली होती. पेटी मांडीवर घेऊन मी अख्खं लग्न बसून बघितलं, आणि मला भेटणारा प्रत्येक जण म्हणत होता, "नवरीचे केस किती सुंदर केलेत, तुम्हीच ना?" न्हाव्याच्या घरचं लग्न आणि केस दुसऱ्याच्या हातचे. तुला वाटलं असेल मी चार दिवसांनी विसरेन. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, आणि माझा सुंभसुद्धा अजून जळलेला नाही.

असो. त्या बाईचा हात कसाही असो, तिला फोटो कुणी दाखवलेत? मला दाखवलेत. मी आता डोळ्यांत तेल घालून बघते. पहिल्या आठवड्यात जरा जास्तच घातलं, कबूल आहे. किराणा दुकानदाराच्या कानामागचा काळा डाग बघून त्याला इस्पितळात धाडलं तर तो कलपाचा निघाला. डॉक्टरीणबाईंनी तो स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून परत पाठवला. तो अजून माझ्याकडे बघून मान हलवतो.

पण बसचालकाचं ऐक. ते आपल्या कोपऱ्यावरचे, बाबांच्या वेळचं गिऱ्हाईक, मागं टक्कल आणि कानांपाशी दोन झुपके. माझ्या हाताखालून ते डोकं कितीदा गेलं असेल. त्या दिवशी मागच्या बाजूला, जिथे टोपीची कड बसते तिथे, एक डाग दिसला. एका बाजूनं काळा, एका बाजूनं तांबूस, कड फाटलेल्या कागदासारखी. माझे हात थांबले. त्यांनी आरशातून विचारलं, "काय झालं? केस उगवले की काय?"

मी म्हटलं, "तेवढं नशीब कुठलं. एकदा इस्पितळात डोकं दाखवून या."

"मला काही होत नाही."

"होत नाही म्हणूनच जा. होत असतं तर मी सांगायची गरज नव्हती."

गेले. कॅन्सरच निघाला, पण वरवरचा. काढून टाकला. आता माझ्या दारावरून बस नेताना ते हॉर्न वाजवतात आणि अख्खी बस माझ्या दुकानाकडे बघते. डॉक्टरीणबाई स्वतः सांगायला आल्या. म्हणाल्या, बिनभिंगाच्या गटातली ही पहिली. मी फुगले, का फुगू नये? तुझी ताई शाळेत कधी पहिली आली नव्हती. ते तुझं काम होतं.

त्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुमचं डोकं कोण बघतं?" मी म्हटलं, माझे केस मीच कापते, दोन आरसे लावून. दुसऱ्या कुणाचा हात मला सोसत नाही. त्यावर त्यांनी काही तरी म्हटलं, पण मी झाडू घेतला होता, मला ऐकू आलं नाही असं धर.

आता तुझं. डॉक्टरकडे गेलीस की नुसतं "डोक्यात काहीतरी आहे" म्हणू नकोस, तुझे केस दाट, त्यांना सापडायचं नाही. आम्हाला गिऱ्हाइकाबरोबर एक कागद द्यायला सांगितलंय, त्यावर समोरून चेहरा छापलेला असतो आणि जिथे डाग दिसला तिथे ठिपका द्यायचा. तसा मी तुझा चेहरा काढून पाठवतेय. माझ्या चित्रकलेला हसू नकोस, तुझ्यासारखे घरांचे नकाशे काढणं माझ्या नशिबी नव्हतं. पण भांग बरोबर काढलाय, कान बरोबर आहेत, आणि कानाच्या वर केसांत दोन बोटं आत, ठिपका. डोळे मिटले तरी मला तो दिसतो. हे चित्र डॉक्टरांपुढे ठेव.

तुझ्या अहोंना नमस्कार. त्यांच्यावर माझा राग नव्हता कधी.

ताई


८ एप्रिल

धाकटे,

गेलीस हे छान केलंस.

तुझं पत्र आलं, पाकिटात माझं चित्रही परत आलं. "डॉक्टरांना तुझं चित्र दाखवलं. त्यांनी नेमकी तीच जागा केस बाजूला करून बघितली. तिथे काहीही नाही, साधा तीळसुद्धा नाही. आता झालं समाधान?" शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या आहेस. नकाशावर भिंत दाखवतात तशा.

झालं समाधान. का होऊ नये? चांगलीच बातमी आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी करून घेतलं, एवढंच. मावशीला सांगितलं तर म्हणाली, "बघ, उगाच पोरीला धसका दिलास." दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं, एका शाळामास्तरांचे कल्ले खालीवर झाले, त्यांना चष्मा नसल्यानं कळलं नाही.

पण एक समजत नाही. मुंगी गेली कुठे? तीळ असा उठून चालायला लागत नाही. मोठा झाला म्हणालीस तर समजू शकते, तसाच आहे म्हणालीस तरी समजू शकते. नाहीच म्हणतेस. मी काय स्वप्नात बघितला होता? आणि रक्त मग कुठून येतं? त्याबद्दल तू पत्रात ताकास तूर लागू दिलेली नाहीस.

जाऊ दे. मी नुसते प्रश्न विचारतेय, उत्तर हवंच असं नाही. बसचालकांचा हॉर्न आजही वाजला पण मी बाहेर बघितलं नाही.

ताई


२१ एप्रिल

धाकटे,

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. बस.

चूक माझी होती. मुंगी डाव्या बाजूला आहे. तुझ्या डाव्या कानाच्या वर.

आज इस्पितळात आम्हा सगळ्यांना पुन्हा बोलावलं होतं. डॉक्टरीणबाईंनी आम्ही भरलेले कागद टेबलावर पसरले आणि म्हणाल्या, "मला एक गंमत कळली आहे, पण आधी मी तीन आठवडे वैतागले. तुमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकानं डावं-उजवं उलटं काढलंय. मी लोकांच्या चुकीच्या कानामागे शोधत बसले होते."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग दाढीचे म्हणून ओळखले जाणारे आमच्यातले सगळ्यांत म्हातारे कारागीर म्हणाले, "बाई, आम्ही गिऱ्हाइकाचं तोंड जन्मभर आरशातच बघतो. रस्त्यात समोरून भेटलं तर वाटतं, याचा भांग कुणी बिघडवला?"

हशा पिकला. खरंच आहे ते. मी मागे उभी, तू खुर्चीत, दोघींची तोंडं आरशाकडे. तुझा डावा कान माझ्या डावीकडे, आरशातही डावीकडे. कागदावर चेहरा काढायला घेतला की हात तो आरशातलाच चेहरा काढतो आणि ठिपका कागदाच्या डावीकडे देतो. पण कागद बघणाऱ्याला ते माणूस समोर बसलेलं वाटतं, मग तो ठिपका जातो उजव्या कानावर. भिंगवाले, बिनभिंगवाले, सगळ्यांनी हेच केलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यात तुमचा दोष नाही, चेहरा समोरून छापला तो मी." आता कागद बंद. डागाशेजारी केसांना एक रंगीत चिकटपट्टी लावून माणसालाच पाठवायचं. आमची ही चूकही त्या संशोधनात लिहिणार आहेत.

मीही हसत होते. सगळ्यांत मोठ्यानं हसत होते. आणि मग माझं हसू गेलं.

घरी आले, तुझं परत आलेलं चित्र काढलं. भांगसुद्धा उलटा काढला होता. तू भांग डावीकडे पाडतेस. चित्रातल्या चेहऱ्याच्या तो उजवीकडे गेला होता.

आता पुढचं लिहिते आणि तू पत्र फाडायचं नाहीस. तू नकाशे काढतेस. तुझ्या साहेबांच्या नकाशात दार चुकीच्या भिंतीला गेलं तर ते तुला चहाचा कप खाली ठेवायच्या आत दिसतं, हे तूच बाबांना ऐटीत सांगायचीस. तुला स्वतःचा भांग चुकलेला दिसला नाही? रोज कुठल्या बाजूला कंगवा अडकतो ते तुला ठाऊक आहे. रक्त कुठल्या बाजूला येतं ते ठाऊक आहे. तू त्या डॉक्टरांपुढे माझं उलटं चित्र ठेवलंस, उजवा कान पुढे केलास, आणि गप्प बसलीस. त्यांच्या दाराबाहेर रांग असेल, त्यांनी दाखवलेली जागा बघितली आणि मोकळे झाले.

मी रागावले नाहीये. म्हणजे रागावले होते, चपला घालून स्टँडपर्यंत गेले होते. मग बाकावर बसले आणि मला तू दिसलीस, लहानपणी दात दुखत असताना दुसऱ्याच दातावर बोट ठेवणारी. दातांच्या डॉक्टरनं तो ठोकून बघितला, चांगला आहे म्हणाला आणि तू उड्या मारत घरी आलीस. रात्रभर रडलीस ती माझ्या कुशीत.

तू घाबरली आहेस. माझ्या चुकीच्या आड लपायला तुला जागा सापडली. आता ती चूक मी काढून घेतेय. आख्ख्या शहरात नाक वर करून फिरणारी मी तुला लिहून देते, मी चुकले, माझं चित्र उलटं होतं. तू जिंकलीस. हे पत्र चौकटीत लावून भिंतीवर टांग. पण आधी डावा कान दाखव.

मला तू हवी आहेस. भांडायला हवीस, रुसायला हवीस, माझ्या चित्रांना नावं ठेवायला हवीस. लग्नाच्या केसांचं मी विसरले असं लिहिणार नाही, खोटं कशाला लिहू. पण ते भांडण पुढे चालवायला दोघी लागतात.

उद्याच जा.

ताई


९ मे

धाकटे,

तुझा फोन आला तेव्हा माझ्या हातात वस्तरा होता आणि खुर्चीत फेस लावलेलं गिऱ्हाईक होतं. त्यानं नंतर सांगितलं की तुमचं बोलणं संपेपर्यंत मी श्वास घेतला नाही.

फोनवर मी धड बोलले नाही, म्हणून लिहितेय. तू म्हणालीस, तुकडा तपासला, कॅन्सर आहे. आणि मग लगेच म्हणालीस, "पण ताई, पातळ आहे. खोल गेलेला नाही. आजूबाजूची थोडी कातडी घेऊन काढला की झालं, असं म्हणतायत. आणखी उशीर झाला असता तर वेगळं बोलले असते." मी नुसतं हं हं करत राहिले. मी डॉक्टरीणबाईंकडे धावत गेले आणि तू सांगितलेलं जसंच्या तसं त्यांना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, पातळच म्हणाले ना? मग त्या बसल्या, मीही बसले, आणि त्या म्हणाल्या, "तुमच्या बहिणीनं वेळेत दाखवलं." मी म्हटलं, माझी बहीण शहाणीच आहे. चित्राचं मी सांगितलं नाही. ते आपल्या दोघींत.

आणि तू दुसऱ्यांदा एकटी गेलीस, अहोंनाही न सांगता, आणि डॉक्टरांना म्हणालीस, "मागच्या वेळी मी तुम्हाला मुद्दाम दुसरी बाजू दाखवली." हे म्हणायला काय लागतं ते मला कळतं. मला नसतं जमलं. मी आणखी चार चित्रं काढली असती.

तू विचारलंस ते. शस्त्रक्रियेआधी तिथले केस काढावे लागतील, आणि सिस्टरांना तू सांगून ठेवलंस की दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, माझी ताई येईल. येतेय. पेटी भरली आहे. कात्र्यांना धार लावून आणली.

ताई


२ जून

धाकटे,

घरी पोचले. दुकान उघडलं, आरशावरची धूळ पुसली, आणि काल तुझ्या अहोंचा फोन आला की काढलेल्या तुकड्याच्या सगळ्या कडा स्वच्छ आहेत, आत काही उरलेलं नाही. आता ठरावीक काळानं दाखवत राहायचं, बस. मी फोन ठेवला आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून पोटभर रडले. मग शटर वर केलं तर बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांना वाटलं माझं कुणीतरी गेलं. मी म्हटलं, गेलं नाही, राहिलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशीचं मला लिहून ठेवायचं आहे, कारण तिथे बोलायचं ते राहून गेलं. आधी सिस्टरांशी माझी जुंपली. त्या म्हणाल्या, वस्तरा चालणार नाही, कातडी खरचटते, आमचं यंत्र वापरा. मी म्हटलं, माझ्या वस्तऱ्यानं आजवर कुणाला खरचटलं नाही. त्या म्हणाल्या, असेल, पण इथे नाही. तू पलंगावर बसून हसू दाबत होतीस. ताईला कुणीतरी नाही म्हणतंय हे तुला बघायचं होतं. शेवटी घेतलं त्यांचं यंत्र. बरं होतं. तसलं एक मीही घेणार आहे.

आणि मग मी तुझ्या मागे जाऊन उभी राहिले, सवयीनं, आणि समोर बघितलं. समोर नुसती भिंत. त्या खोलीत आरसा नव्हता. एवढ्या वर्षांत मी कुणाचं डोकं आरशाशिवाय हातात घेतलं नव्हतं. तू म्हणालीस, "मागे काय उभी आहेस? पुढे ये की."

पुढे आले. स्टुलावर तुझ्यासमोर बसले. आणि तुझा भांग मला उलटा दिसला, नाक किंचित दुसरीकडे वळलेलं दिसलं, आणि डाव्या गालावरची खळी, जी मी जन्मभर आरशात दुसऱ्या बाजूला बघत आले. मी तुला पहिल्यांदा बघितल्यासारखं बघत बसले. केस मांडीवर पडत होते आणि तू हळूच म्हणालीस, "लग्नाच्या दिवशी मला हेच हवं होतं. तू कायम माझ्या मागे उभी असायचीस, ताई. शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाला, प्रत्येक फोटोच्या आधी, पिना तोंडात धरून. त्या एका दिवशी तू समोर बसून मला बघावंस असं वाटत होतं. म्हणून पहिली रांग."

मी म्हटलं, "मग तेव्हाच सांगायचं."

"तू ऐकण्यासारखी होतीस का? पेटी मांडीवर घेऊन बसली होतीस."

सहा वर्षं मी पेटीच बघितली, आणि समोर नवरी उभी होती.

तुझी ती बाईही भेटायला आली. तिनं लग्नाच्या दिवशीच तुला म्हटलं होतं, कानाच्या वरचा तीळ बरा दिसत नाही, दाखवून घ्या, आणि तेव्हापासून दर खेपेला म्हणत आली. हे तू मला आता सांगतेस. तिला कुणी फोटो दाखवले नव्हते आणि भिंगही दिलं नव्हतं. तिचा हात चांगला आहे. हे मी एकदाच लिहितेय, पुन्हा विचारू नकोस. मी तिला डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिलाय, तुमच्या शहरातही त्या असंच काहीतरी सुरू करणार आहेत.

मावशी सांगते, तू टाके असतानाच कामावर गेलीस, डोकं न झाकता. कुणी विचारलं की केस बाजूला करून दाखवतेस आणि म्हणतेस, "माझ्या ताईनं शोधलं. चुकीच्या बाजूला शोधलं, पण शोधलं." साहेबांनी सगळ्या ऑफिसला घरी जाऊन एकमेकांची डोकी बघायला सांगितलं म्हणे. मी हे बसचालकांना सांगितलं, दाढीच्यांना सांगितलं, किराणा दुकानदाराला दोनदा सांगितलं. आता माझ्या बढाईत मी कुठेच नसते, सगळी तूच असतेस. लोक कंटाळले तरी मी थांबत नाही.

एक काम आहे. मी झाडू मारत असताना डॉक्टरीणबाईंनी जे म्हटलं होतं ते मला ऐकू आलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "दोन आरशांत स्वतःचं डोकं दिसत नाही, बाई, फक्त केस दिसतात." तर तुझे केस बोटभर वाढले की ये. दारात, उजेडात खुर्ची काढून ठेवीन, आरशाकडे पाठ करून. बसणार मी. कंगवा तू धरायचास, एकेक भांग पाडून सगळं बघायचंस, आणि कापावंसं वाटलं तर कापायचंस, कसंही वाकडंतिकडं.

मी हलणार नाही.

ताई